डबा, टीव्ही आणि ‘कोडेक’चे कोडे

दिवाणखान्यातला टीव्ही सात-आठ वर्षांचा झालेला असतो. पडदा अजून लख्ख असतो, रंगांची तक्रार नसते, रिमोटची बटणेही शाबूत असतात. मात्र आजोबांच्या पंचाहत्तरीला नातवाने फोनवर टिपलेला व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून लावावा, तर पडदा काळाच राहतो आणि हा फॉर्मॅट चालत नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ तेवढी उमटते. दुसऱ्या एखाद्या घरी निराळेच घडते. तेथे टीव्ही कोरा करकरीत असतो, त्यावर ‘४के’ची चकचकीत पट्टी असते, सोबत घेतलेला स्ट्रीमिंग बॉक्सही ४के असतो. तरीही चित्र दुकानात पाहिले होते तितके रेखीव दिसत नाही. पहिल्या घराला सल्ला मिळतो, ‘टीव्ही जुना झाला, आता बदला.’ दुसऱ्या घराला सांगितले जाते, ‘इंटरनेटचा वेग कमी पडत असेल.’ पुष्कळदा हे दोन्ही सल्ले चुकीचे असतात.

चित्र आटवून पाठविण्याची आणि घरी पोहोचल्यावर ते पुन्हा उलगडण्याची जी पद्धत असते तिला ‘कोडेक’ म्हणतात. वरच्या दोन्ही घरांतील अडचणीचे मूळ बहुधा या कोडेकमध्ये किंवा बॉक्स आणि टीव्ही यांना जोडणाऱ्या केबलीत सापडते. कोणते काम कोणत्या यंत्राचे, एवढे एकदा ध्यानात आले की काही हजारांत भागणाऱ्या कामासाठी नवा टीव्ही घेण्याची वेळ येत नाही.

चित्राची लघुलिपी

४के चित्राच्या एका चौकटीत ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदविण्यास २४ बिट लागतात आणि चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. हा गुणाकार केला तर सेकंदाला पावणेपाच अब्जांहून अधिक बिट होतात. दोन तासांचा चित्रपट अशा रीतीने जसाच्या तसा साठवायचा म्हटला तर ४ टेराबाइटपेक्षा अधिक जागा लागेल. घरच्या ब्रॉडबँडवरून एवढा ओघ येणे शक्यच नाही. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेगाची शिफारस करते. याचा अर्थ मूळ माहिती सुमारे तीनशेव्या हिश्शापर्यंत आटविलेली असते आणि तोच चित्रपट साडेतेरा गिगाबाइटच्या आसपास बसतो.

ही किमया साधते ती पुनरावृत्ती गाळून. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेच्या मागील पडदा सेकंदात २५ वेळा नव्याने पाठविण्याची गरज नसते. तो एकदा पाठवायचा आणि पुढच्या चौकटींत केवळ ओठांची, पापण्यांची हालचाल कळवायची. क्रिकेटच्या सामन्यात कॅमेरा चेंडूमागे फिरतो तेव्हा ‘मैदानाचा अमुक तुकडा इतके ठिपके डावीकडे सरकला’ एवढेच सांगितले की भागते. डोळ्यांना जाणवणार नाहीत असे रंगांतले बारीक फरकही सोडून दिले जातात.

पूर्वी कचेऱ्यांमध्ये लघुलेखक असत. साहेबांचे भरभर बोलणे ते काही रेघांत आणि टिंबांत उतरवून घेत. त्या कागदावर मजकूर पूर्ण असे, पण ती लघुलिपी शिकलेल्या माणसालाच तो वाचता येई. कोडेक ही चित्राची अशीच लघुलिपी आहे. पाठविणाऱ्याने ज्या लिपीत लिहिले ती उलगडणाऱ्याला येत असली पाहिजे. नाहीतर माहिती घरात येऊनही चित्र दिसत नाही.

या लिपी काळानुसार बदलत गेल्या. डीव्हीडी आणि सुरुवातीच्या डीटीएचसाठी १९९० च्या दशकातील एमपीईजी-२ वापरली गेली. २००३ मध्ये एच.२६४ आली, एमपीईजी-४ किंवा एव्हीसी या नावांनीही ती ओळखली जाते. त्याच दर्जाचे चित्र साधारण निम्म्या माहितीत बसविण्याच्या उद्देशाने २०१३ मध्ये एच.२६५ अर्थात एचईव्हीसी तयार झाली. त्याच वर्षी गुगलने व्हीपी९ पुढे केली. २०१८ मध्ये एव्ही१ आणि २०२० मध्ये एच.२६६ यांची भर पडली. नवी लिपी आली म्हणून जुनी नाहीशी होत नाही. आजही एच.२६४ जवळजवळ प्रत्येक यंत्राला वाचता येते. अडचण येते ती तिच्यानंतरच्या लिपींची.

वाचतो कोण?

ग्राहकाचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो. टीव्हीच्या माहितीपत्रकात कोडेकची यादी असते, बॉक्सच्या पुठ्ठ्यावरही असते. या दोन याद्या जुळल्या पाहिजेत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे नसते.

टीव्हीतलेच ॲप उघडले किंवा टीव्हीच्याच यूएसबी खोबणीत पेन ड्राइव्ह लावला, तर चित्र उलगडण्याचे काम टीव्हीतली चिप करते. तेव्हा टीव्हीची यादी महत्त्वाची. स्ट्रीमिंग बॉक्स किंवा स्टिक लावली की मात्र हे काम बॉक्सकडे जाते. बॉक्स चित्र पूर्णपणे उलगडतो आणि एचडीएमआय केबलीतून न आटविलेल्या, साध्या ठिपक्यांच्या रूपात टीव्हीला देतो. जणू लघुलेखकाने आपले टिपण साध्या मराठीत मोठ्याने वाचून दाखविले. ऐकणाऱ्याला लघुलिपी येण्याची गरजच उरत नाही.

म्हणूनच ज्या टीव्हीला एचईव्हीसी किंवा एव्ही१ यांचा गंधही नाही, त्यावर योग्य बॉक्स लावल्यास त्या कोडेकमधील चित्र बिनबोभाट दिसते. फुल एचडी टीव्हीला ४के बॉक्स जोडला तरी हरकत नसते. बॉक्स चित्र त्या पडद्याच्या मापात बसवून देतो. आजोबांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ टीव्हीच्या खोबणीतून न लावता यूएसबीची सोय असलेल्या नव्या बॉक्समधून लावला तर तो दिसण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

सेट टॉप बॉक्सचा धडा

महाराष्ट्रातील शहरांनी हा अनुभव एकदा घेतलेला आहे. केबलच्या डिजिटायझेशनमध्ये ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर मुंबईतील जुने अॅनालॉग प्रक्षेपण थांबविण्याचे ठरले. पुणे, नागपूर, नाशिक या शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्या वेळी लाखो घरांत काचेच्या नळीचे जुने, बोजड टीव्ही होते. त्यांना डिजिटल संकेताचे अक्षरही कळत नव्हते. तरीही ते भंगारात गेले नाहीत. सेट टॉप बॉक्सने डिजिटल चित्र उलगडले आणि लाल, पांढऱ्या, पिवळ्या टोकांच्या वायरींतून जुन्या टीव्हीला समजेल अशा रूपात दिले.

याच्या उलट धडा प्रसारभारतीच्या डीडी फ्री डिशने दिला. या मोफत सेवेवर काही वाहिन्या एमपीईजी-२ मध्ये तर काही एमपीईजी-४ मध्ये प्रक्षेपित होत आल्या आहेत. फक्त एमपीईजी-२ जाणणारा जुना बॉक्स असलेल्या घरी दुसऱ्या गटातील वाहिन्या दिसत नाहीत. छत्री तीच, टीव्ही तोच. बदलावा लागतो तो बॉक्स. उलगडणारे यंत्र बदलले की टीव्ही पुन्हा कामाचा होतो, हे दोन्ही अनुभवांचे सार आहे.

सॅमसंगच्या २०१० व २०११ मधील काही टीव्हींवर १ डिसेंबर २०१९ पासून नेटफ्लिक्स चालेनासे झाले. तेथे कंपनीने तांत्रिक मर्यादांचे कारण दिले होते. तो कोडेकचा प्रश्न नव्हता. उपाय मात्र हाच होता. नेटफ्लिक्स चालणारे दुसरे यंत्र जोडले की तोच पडदा पुढे वापरता येत होता.

चिपमध्ये कोरलेली विद्या

बॉक्स नवा असला म्हणजे सारे जमले, असेही नाही. सेकंदाला ६० चौकटींचे ४के चित्र उलगडताना प्रत्येक चौकटीसाठी सेकंदाचा साठावा भाग एवढाच अवधी मिळतो. बॉक्समधील सर्वसाधारण प्रोसेसरला हे काम झेपत नाही. त्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र विभाग घडविलेला असतो आणि त्याला कोणते कोडेक येणार हे कारखान्यातच ठरते. नंतरच्या सॉफ्टवेअर अपडेटने ती उणीव सहसा भरून निघत नाही. जोर लावून उलगडण्याचा प्रयत्न झालाच, तर चित्र अडखळते आणि बॉक्स तापतो.

अ‍ॅपलच्या पहिल्या ‘अ‍ॅपल टीव्ही ४के’चे उदाहरण बोलके आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये तो बाजारात आला तेव्हा यूट्यूबवर ४के व्हिडिओ मुबलक होते, पण ते व्हीपी९ मध्ये होते आणि अ‍ॅपलने त्या कोडेकला जागा दिली नव्हती. परिणामी ४के टीव्हीला ४के बॉक्स जोडूनही यूट्यूबचे चित्र १०८० ओळींवरच थांबे. ही अडचण दूर होण्यास सप्टेंबर २०२० मधील टीव्हीओएस १४ ची वाट पाहावी लागली. सॉफ्टवेअरने वाट मोकळी होण्याचे हे उदाहरण अपवादातले, आणि त्यालाही तीन वर्षे लागली.

महाग यंत्र म्हणजे नवे कोडेक, हे समीकरणही खरे नाही. गुगलने २०२० मध्ये आणलेल्या ‘क्रोमकास्ट विथ गुगल टीव्ही’च्या ४के बॉक्समध्ये एव्ही१ उलगडण्याची सोय नव्हती. २०२२ मध्ये आलेल्या स्वस्त, केवळ एचडी बॉक्समध्ये ती होती. दरम्यान नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये टीव्हींसाठी एव्ही१ प्रक्षेपण सुरू केल्याचे जाहीर केले होते.

अशा वेळी पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही, हे विशेष. स्ट्रीमिंग सेवेचे ॲप यंत्राला कोणते कोडेक येतात ते आधीच पाहते आणि झेपेल असा ओघ मागविते. नवा कोडेक नसेल तर जुन्यातले, कमी रेखीव चित्र निमूटपणे सुरू होते. ग्राहक इंटरनेट कंपनीला दूरध्वनी करीत राहतो.

नाव एक, प्रकार अनेक

‘एचईव्हीसी चालते’ एवढ्या शब्दांवरही भागत नाही. एका कोडेकचे अनेक उपप्रकार असतात. एचडीआरचे चित्र प्रत्येक मूळ रंगासाठी ८ ऐवजी १० बिट वापरते. काही जुन्या चिपना ८ बिटचीच एचईव्हीसी वाचता येते. १० बिटची समोर आली की त्या थबकतात. चांगल्या कॅमेऱ्यांतून रंगांची अधिक माहिती ठेवणारा ‘४:२:२’ हा प्रकार टिपता येतो. तसाच व्हिडिओ लग्नाच्या चित्रीकरणानंतर हाती आला तर अनेक टीव्हींवर तो चालत नाही. छायाचित्रकाराकडून पेन ड्राइव्ह घेतानाच ‘टीव्हीवर चालणारी एच.२६४ प्रतही द्या’ असे सांगणे शहाणपणाचे.

‘एमपी४’ आणि ‘एमकेव्ही’ ही कोडेकची नावे आहेत, हा आणखी एक गैरसमज. हे केवळ डबे होत. जेवणाच्या डब्यावरून आत पोळी आहे की भाकरी, हे सांगता येत नाही, तसेच येथेही. दोन एमपी४ फाइलींपैकी एकीत एच.२६४ असू शकते, दुसरीत एचईव्हीसी. आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून व्हिडिओ एचईव्हीसीमध्ये टिपण्याची सोय आली आणि कमी जागा घेणारा तोच पर्याय मूळ मांडणीत राहिला. त्यामुळे फोनवर दिसणारा व्हिडिओ जुन्या टीव्हीवर दिसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ हा पर्याय निवडला की पुढची चित्रीकरणे एच.२६४ मध्ये होतात. फाइल मोठी होते, पण घरातल्या जुन्या टीव्हीवरही चालते.

केबलीतले अडथळे

बॉक्सने कोडेकचे काम आपल्याकडे घेतले तरी टीव्हीची जबाबदारी संपत नाही. उलगडलेले चित्र स्वीकारण्याची ताकद त्याच्यात हवी. सेकंदाला ६० चौकटींचे ४के चित्र उलगडल्यावर सेकंदाला १२ अब्ज बिटांच्या घरात जाते. २००९ च्या एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट होती, त्यामुळे ४के चित्र त्यावर ३० चौकटींपर्यंतच जाऊ शके. २०१३ च्या एचडीएमआय २.० ने ही क्षमता १८ गिगाबिटवर आणि २०१७ च्या एचडीएमआय २.१ ने ४८ गिगाबिटवर नेली. अनेक टीव्हींमध्ये तीन-चार खोबण्या असल्या तरी पूर्ण क्षमतेची एखादीच असते. शिवाय ती क्षमता टीव्हीच्या सेटिंगमध्ये सुरू करावी लागते. सोनीच्या टीव्हीत तिला ‘एन्हान्स्ड फॉर्मॅट’, सॅमसंगच्या टीव्हीत ‘इनपुट सिग्नल प्लस’ असे नाव आहे. ही एक कळ दाबली न गेल्याने नव्या टीव्हीवरही बॉक्सचे एचडीआर चित्र पूर्ण रूपात उमटत नाही.

दुसरा अडथळा चोरी रोखण्यासाठी घातलेल्या कुलपाचा. चित्रपटांचे ४के चित्र बॉक्समधून टीव्हीकडे जाताना एचडीसीपी २.२ या प्रणालीने कुलूपबंद होऊन जाते. ४के टीव्हींच्या पहिल्या पिढीतील काही संचांमध्ये ही प्रणाली नव्हती. त्यांच्यावर बॉक्स केवळ एचडी चित्र देतो किंवा पडदा कोरा राहतो. येथे नवा बॉक्स घेऊन उपयोग नसतो. दोष खरोखरच टीव्हीचा असतो.

असेच एक कुलूप बॉक्समध्येही असते. गुगलच्या वाइडवाइन प्रणालीत एल१ आणि एल३ असे स्तर आहेत. बाजारात ‘४के, ८के’ असे लिहून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या अनधिकृत अँड्रॉइड बॉक्सना बहुधा एल१ चे प्रमाणपत्र नसते. त्यांच्या चिपला सारे कोडेक येत असले तरी नेटफ्लिक्ससारखी सेवा त्यांना एचडीसुद्धा देत नाही.

आवाजाची कथा थोडी वेगळी. बॉक्स चित्र उलगडतो, पण आवाज अनेकदा डॉल्बी किंवा डीटीएस या आटविलेल्या रूपातच पुढे ढकलतो. टीव्हीला ते रूप कळले नाही तर चित्र दिसते आणि आवाज नाही. सॅमसंगने २०१८ पासूनच्या आणि एलजीने २०२० पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकले होते. एलजीने २०२३ मध्ये काही टीव्हींत ते परत आणले. उपाय मात्र सोपा आहे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आवाजासाठी ‘पीसीएम’ किंवा ‘स्टिरिओ’ निवडले की बहुधा बॉक्सच आवाज उलगडून देतो.

पेटंटचे ओझे

एकच सर्वमान्य कोडेक का ठरत नाही, याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा पैशात अधिक आहे. एच.२६४ असो वा एचईव्हीसी, त्यामागील कल्पनांवर अनेक कंपन्यांची पेटंट आहेत आणि यंत्र बनविणाऱ्याला त्यांचे शुल्क भरावे लागते. एचईव्हीसीसाठी २०१४ मध्ये एमपीईजी एलए या संस्थेने पेटंटधारकांचा एक गट उभा केला. २०१५ मध्ये एचईव्हीसी अ‍ॅडव्हान्स हा दुसरा गट निघाला. कोणाला किती द्यायचे याची अनिश्चितता वाढली. त्याच वर्षी गुगल, अ‍ॅमेझॉन, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट, इंटेल आदी कंपन्यांनी ‘अलायन्स फॉर ओपन मीडिया’ ही संघटना स्थापली आणि शुल्काविना वापरता येईल असे एव्ही१ घडविले. पुढे त्यावरही पेटंटचा दावा सांगणारे निघालेच.

शुल्काचा परिणाम ग्राहकाला थेट दिसला तो रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात. त्याच्या चिपला एमपीईजी-२ वाचता येत होते, पण किंमत कमी ठेवण्यासाठी ती सोय बंद ठेवलेली होती. २०१२ पासून ती सुरू करण्याची किल्ली ज्याला हवी त्याला वेगळी विकली जाऊ लागली. विद्या अंगी आहे, पण परवाना नाही, अशी ही स्थिती. स्वस्त बॉक्सच्या यादीतून एखादे कोडेक गळालेले दिसते तेव्हा त्यामागेही पुष्कळदा असाच हिशेब असतो.

खरेदीपूर्वी

टीव्ही किंवा बॉक्स बदलण्यापूर्वी अडचण नेमकी कोठे आहे ते घरच्या घरी तपासता येते. यूट्यूबच्या ॲपमध्ये एखादा ४के व्हिडिओ लावून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ हा पर्याय उघडला की त्या क्षणी कोणते कोडेक आणि किती ठिपक्यांचे चित्र चालू आहे, ते दिसते. ‘एव्हीसी१’ म्हणजे जुने एच.२६४, ‘व्हीपी९’ किंवा ‘एव्ही०१’ म्हणजे नवे कोडेक. हीच तपासणी एकदा टीव्हीच्या ॲपमध्ये आणि एकदा बॉक्सच्या ॲपमध्ये करावी. अपुरे कोणते, ते पाच मिनिटांत कळते. नेटफ्लिक्सवर ४के केवळ सर्वांत वरच्या योजनेत मिळते, हेही आधी पाहावे.

बॉक्स घेताना ‘४के’ या अक्षरांपेक्षा व्हीपी९, १० बिटचे एचईव्हीसी आणि एव्ही१ ही तिन्ही नावे यादीत आहेत का, हे विचारावे. अधिकृत प्रमाणपत्र आहे का, याचीही खात्री करावी. टीव्ही घेताना मात्र कोडेकच्या लांबलचक यादीवर भाळू नये. पडद्याचा दर्जा, एचडीएमआय खोबण्यांची क्षमता, एचडीसीपी २.२ आणि एचडीआरचे प्रकार पाहावेत, कारण या गोष्टी नंतर बाहेरून जोडता येत नाहीत. सॅमसंगने डॉल्बी व्हिजनऐवजी एचडीआर१०+ चा मार्ग धरला. अशा टीव्हीला डॉल्बी व्हिजनचा बॉक्स जोडला तर चित्र साध्या एचडीआर१० मध्ये दिसते, एवढाच फरक पडतो.

टीव्हीचा पडदा सहज दहा वर्षे टिकतो. त्याच्या पोटातली चिप त्याच्या निम्म्या काळात जुनी ठरू शकते. बॉक्स बदलून ही तफावत भरून काढता येत असेल, तर चांगला चालणारा पडदा भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढविण्याची घाई करण्याचे कारण नाही. दुकानात जाण्यापूर्वी ‘चित्र उलगडतो कोण?’ एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारला तरी पुरे.